एकटीनं वाचू नये

॥ जय सेवालाल ॥
राजूर, दि. २ जानेवारी २०२६

ती. रुपीकाकीस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. पोस्टात नोकरी करणाऱ्या बाईनं पत्र लिहिलं तर त्यात नवल ते काय, असं तू म्हणशील. पण खरं सांगते, तीन वर्षांत माझ्या हातांखालून बँकेच्या नोटिसा गेल्या, आधारची कार्डं गेली, साड्यांची पार्सलं गेली. हातानं लिहिलेलं घरचं पत्र क्वचित. माझं स्वतःचं तर हे पहिलंच.

लिहायला कारण घडलं. सकाळी पोस्ट उघडलं की पहिलं काम मोहोरेची तारीख बदलायचं. कालचे आकडे काढायचे, आजचे बसवायचे, एक ठसा वहीत उमटवून सही करायची. एकोणीस डिसेंबरला मी महिन्याच्या जागी बाराऐवजी आठ बसवला. ठसा मारला, सही केली, आणि काही चुकलं असं मला वाटलंसुद्धा नाही. आमचे पोस्टमास्तर गोपालराव यांनी वही बघितली. ओरडतील म्हणून मी मान खाली घातली, तर ते हळूच म्हणाले, की एकोणीस ऑगस्ट म्हणजे तुमच्या आई गेल्या तो दिवस ना मॅडम. त्या दिवशी ते तांड्यावर आले होते, त्यांना आठवत होतं. मोहोर त्यांनी स्वतः दुरुस्त केली आणि मला वणीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे धाडलं. मनाच्या डॉक्टर आहेत. मले काय येड लागलं काय, असं मी म्हटलं, तर म्हणाले, दात दुखला की जातोच ना आपण.

बाईंनी मला झोप, जेवण, ऑफिस सगळं विचारलं आणि नव्या वर्षासाठी एक छापील तक्ता दिला. सकाळी ठरल्या वेळी उठायचं. वीस मिनिटं चालायचं. दहा मिनिटं गप्प बसून आपला श्वास बघायचा. रात्री नऊला फोन बंद. दिवसातून एक जेवण कुणाच्या तरी सोबत. आणि महिन्यातून एकदा तरी, ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे अशा माणसाला हातानं पत्र लिहायचं. रोज केलं की लाल पेन्सिलीनं खूण. तक्ता मी पंख्याच्या बटनाशेजारी चिकटवला आहे.

बोलणं तुटलेलं माणूस म्हटल्यावर मला विचार करावा लागला नाही. काकी, ऑगस्टपासून आपण बोललो नाही. मी फोन लावला नाही, कारण तू उचलला नसतास तर मला ते झेपलं नसतं. पत्र निदान तू फाडलंस तरी मला दिसणार नाही.

बाकी ठीक. खोलीत कोळशाची धूळ रोज दोनदा पुसते, तरी बोट फिरवलं की काळं होतंच. तीन वर्षं झाली, पण खाणीच्या क्वार्टरांच्या या लाइनीतल्या बायका मला अजून पोस्टवाल्या मॅडम म्हणतात. माझं नाव कुणी विचारलं नाही, मीही कुणाचं विचारलं नाही.

लालसिंगकाकांना नमस्कार. लोभ असावा असं लिहायचा मला हक्क उरला आहे की नाही माहीत नाही, पण असू दे.
वर्षा

ता. क. उत्तर लिहिलंस तर पोस्टाच्याच पत्त्यावर लिही. घरी दिवसा कुणी नसतं.

॥ जय सेवालाल ॥
तांडा, ता. दिग्रस, दि. ९ जानेवारी २०२६

चि. वर्षास,
रुपीकाकीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी कापूस वेचायला गेले होते. तुझ्या काकांनी ते खिशात घातलं आणि दिवसभर साऱ्या तांड्याला वरूनच दाखवत हिंडले. संध्याकाळी मला दिलं ते घामानं ओलं. मी वाचत होते तोवर समोर बसून एकच धोशा, की काहून लिहून राह्यली ते, फोन बिघडला काय तिचा? मी म्हटलं, फोन नाही बिघडला, बाकीचं बिघडलं.

मी सातवी पास आहे हे तू विसरली नसशीलच. अक्षर वाकडं आहे, ते चालवून घे.

तुझा तक्ता वाचला. सकाळी उठायचं आणि चालायचं, त्याला डॉक्टर कशाला पाहिजे? इथे तुरीच्या शेंगा तोडायला ये, चार दिवसांत गाढ झोपशील. आणि श्वास बघायचा म्हणजे काय ते मला समजलं नाही. श्वास काय नवरी मुलगी आहे बघायला जायला? काकांना सांगितलं तर ते हसून हसून खोकायला लागले. पण कुणासोबत जेवायचं हे त्या बाईनं बरं सांगितलं. त्या बाईला आई असणार. तू कुणासोबत जेवतेस ते मला लिही.

आता माझं ऐक. मी तुझ्यावर रागावले आहे, आणि ते लपवून मिठ्ठास लिहिणं मला जमत नाही. तुझी आई रामीबाई माझी जाऊ होती, पण आम्ही तीस वर्षं एका चुलीवर भाकरी केल्या. ती अंगणात निजलेली, तू जीपमधून उतरलीस, मी धावत आले आणि तुझ्या गळ्यात हात टाकला. तू तो हात काढलास. म्हणालीस, काकी, माणसं बघून राह्यली. आपल्या बंजाऱ्यांत दोघी भेटल्या की गळ्यात गळा घालतात, सूर लावतात, मनातलं सगळं बोलून रडतात, आणि तिसरी कोणी पाणी देते तेव्हा थांबतात. हे मी तुला शिकवायचं काय? सारा तांडा बघत होता. मी तशीच हात लांब करून उभी राहिले. मग एकटीच तिच्या उशाशी बसले आणि सूर लावला, तर तू उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभी राहिलीस. तिसऱ्या दिवशी निघून गेलीस. माझं दुःख ऐकायलासुद्धा तुला लाज वाटली, असं मला वाटलं.

लिहून टाकलं. आता हलकं वाटतं. तुझ्या बाईनं सांगितलेल्यात हे एवढं खरं दिसतं.

वांग्याचं भरीत भाकरीबरोबर खा, वडापाव खाऊ नकोस. राग आहे तसा जीवही आहे, दोन्ही एकाच घरात राहतात.
तुझी काकी रुपी

॥ जय सेवालाल ॥
राजूर, दि. १५ जानेवारी २०२६

ती. रुपीकाकीस,
वर्षाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोपालरावांनी स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवलं. घरचं दिसते, म्हणाले आणि पंखा कमी केला. का केला कोण जाणे.

कुणासोबत जेवते ते विचारलंस. तक्त्यात त्या घरात रोज लाल खूण आहे, पण ती खोटी आहे. टीव्हीवर बातम्या सांगणारी एक बाई आहे, तिच्यासमोर ताट घेऊन बसते आणि खूण करते. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघून शाबासकी दिली. मला इतकी शरम वाटली की खरं सांगता आलं नाही. श्वासही बघितला. आठ दिवस बघितला. तो आत जातो, बाहेर येतो, मला विचारत नाही.

काल संक्रांत होती. समोरच्या दारात हळदीकुंकू होतं, बायका नटून जात होत्या. मीही दार उघडं ठेवून बसले, तिळाचे लाडू विकत आणून ताटलीत मांडले होते. कुणी मुद्दाम टाळलं असं नाही गं. माझं दार तीन वर्षं बंदच बघितलं त्यांनी, उघडं आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नसावं. लाडू आज पोस्टात वाटले.

आता त्या दिवसाचं. तू खरं लिहिलंस, मीही लिहिते. आठवीत मी यवतमाळला होस्टेलात होते. दिवाळीनंतर याडी भेटायला आली. बाकीच्या पोरींची आई यायची, माझी याडी. फाटकात मला बघितलं आणि तिनं गळ्यात हात टाकून सूर लावला. मीही लावला, मला त्यात काही वेगळं वाटतच नव्हतं. वरच्या खिडक्यांतून साऱ्या पोरी हसत होत्या. पुढे वर्षभर मी पायऱ्या उतरले की कुणीतरी तो सूर काढून दाखवायची. पुढच्या वेळी याडी आली तेव्हा मी तिला म्हटलं, ये, पण रडू नको. ती बरं म्हणाली. मग शेवटपर्यंत तिनं माझ्यासमोर कधीच सूर लावला नाही. नोकरी लागली तेव्हा नाही, बा गेला तेव्हा नाही. मी जायची, ती हसून पाणी द्यायची, मी यायची.

त्या दिवशी जीपमध्ये गोपालराव होते, पोस्टातली आणखी दोन माणसं होती. तू गळ्यात हात टाकलास आणि मला ती फाटकासमोरची पोर आठवली. तुझ्या दुःखाची लाज नव्हती काकी, माझीच होती. रस्त्यावर उभी राहिले ते कान बंद करून. तू काय बोललीस त्यातला एक शब्द मी ऐकला नाही.

आणि आता मला रडूच येत नाही. पाच महिने झाले, एक थेंब नाही. डॉक्टरीणबाईंना तेच सांगायला गेले होते, झोपेचं नाव पुढे केलं. छातीत काहीतरी दगडासारखं बसलं आहे, ते घेऊन मी मोहोरा मारते. मला भीती वाटते, की ते असंच राहील आणि एक दिवस मला कुठलीच तारीख बरोबर लावता येणार नाही.

त्या दिवशी तू याडीला काय म्हणालीस ते मला लिहून पाठवशील? मागायचा मला हक्क नाही, तरी मागते.

माया पातळ झाली असेल तरी धार तुटू देऊ नकोस.
तुझी वर्षा

॥ जय सेवालाल ॥
तांडा, दि. २१ जानेवारी २०२६

चि. वर्षास,
काकीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि काकांना वाचून दाखवलं. ते यावेळी हसले नाहीत. उठून बैलांकडे गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

होस्टेलचं तू कधी बोलली नाहीस. रामीही नाही बोलली. मला इतकंच म्हणाली होती, की पोरगी शिकून राह्यली, तिच्यासमोर आपलं रडणं नको. मला वाटलं, ही शहाणी झाली. तेव्हाच मी विचारायला पाहिजे होतं. मीही चुकले.

तू मागितलंस म्हणून लिहिते. पण आधी एक ऐक. आपल्यात एकटीनं रडत नाहीत. गळ्याला दुसरीचा हात लागतो, नाहीतर ते रडणं अंगातच फिरत राहतं. म्हणून मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं आहे, एकटीनं वाचू नये. कुणीतरी जवळ बसव. आणि मनात वाचू नकोस, तोंडानं म्हण. मनातल्या मनात म्हटलं तर तो तुझ्या डॉक्टरचा श्वास होईल, आपलं रडणं होणार नाही. माझे गुडघे धड असते तर मीच आले असते. एसटीची पायरी आता मला चढवत नाही.

तुला एक माहीत नाही, ते आधी सांगते. तू शुक्रवारी फोन करून येत नाही म्हणायचीस. रामी म्हणायची, नको येऊ, काम कर. आणि शनिवारी साडेपाचच्या यवतमाळच्या एसटीला फाट्यावर जाऊन उभी राहायची. दर शनिवारी. कुणी विचारलं तर म्हणे, शेंगा विकायला चालली. पदरात मूठभर शेंगा, त्या काय विकणार? गाडी गेली की परत यायची, माझ्याकडे यायची आणि माझ्या गळ्यात पडून रडायची. तुझ्या वाट्याचं रडणं ती माझ्याकडे ठेवून गेली. मीच पाणी द्यायची आणि मीच तोंड पुसायची. कुणाला सांगू नको म्हणून तिनं मला शपथ घातली होती. ती शपथ मी आज मोडते.

आता तिच्या उशाशी मी म्हटलं ते. आपल्या बोलीला लिपी नाही, म्हणून मराठीत उतरवते. सूर तुला येतो.

ये याडी, लेकीच्या हातात पाटी दिलीस, तू अंगठाच देत राहिलीस.
ये याडी, लेक म्हणाली रडू नको, तू दारातच डोळे पुसून आत गेलीस.
ये याडी, शनिवारची गाडी आली, तू पदरात शेंगा घेऊन उभी राहिलीस.
ये याडी, कंडक्टर तुला ओळखू लागला, लांबूनच हात हलवून नाही म्हणू लागला.
ये याडी, आज तुझी लेक आली, आणि तू फाट्यावर नाहीस.

आणखी पुष्कळ होतं, तेवढंच आठवलं. लिहिताना माझ्याही डोळ्यांना पाणी आलं; डाग पडला आहे तो त्याचा, चहाचा नाही.

जे झालं ते मी सोडलं. तूही सोड आणि आमच्यावरचा हात काढू नकोस.
तुझी रुपीकाकी

॥ जय सेवालाल ॥
राजूर, दि. २७ जानेवारी २०२६

ती. रुपीकाकीस,
तुझ्या वर्षाचा वाकून नमस्कार.

तुझं पाकीट शनिवारी आलं आणि साऱ्या पोस्टानं वाचलं, वरचं. गोपालराव म्हणाले, मी बसू काय मॅडम बाजूला, पेपर वाचत बसतो, ऐकणार नाही. मी नको म्हटलं. मग ते पाकीट दोन दिवस पर्समध्ये राहिलं. कुणाला बसवू? मी शनिवारी संध्याकाळी लाइनीतून दोनदा चक्कर मारली, तक्त्यात चालण्याची खूणही झाली, पण कुणाचं दार वाजवून काय सांगणार, की या जरा, मला पत्र वाचायचं आहे? रविवारी तर पाकीट समोर ठेवून जेवले. इतकं एकटं मला याडी गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

काल सव्वीस जानेवारी. झेंडावंदन करून अकराला परत आले आणि तुझं न ऐकता पाकीट फोडलं. याडी शनिवारी फाट्यावर जायची तिथपर्यंत मनातच वाचलं. मग तू सांगितलंस तसं तोंडानं म्हणू लागले. पहिल्या दोन ओळी पाढ्यासारख्या म्हटल्या. कंडक्टर लांबूनच हात हलवायचा त्या ओळीला माझा आवाज फुटला आणि काकी, सूर आपोआप लागला. आठवीनंतर कधी लावला नव्हता, तरी जसाच्या तसा. मी मोठ्यानं रडले. खिडकीच्या काचा हलल्या असतील. थांबवायला गेले तर थांबेना.

आता पुढचं ऐक. राजूर खाणीचं गाव. इथे बाई मोठ्यानं रडली की लोकांना एकच गोष्ट आठवते. सारी लाइन धावत आली. दार ढकललं, शेजारची बाई सगळ्यात पुढे, हात कणकेनं भरलेले, तोंड पांढरं पडलेलं. कोण गेलं वो, कोणती पाळी, एवढंच विचारत होती. तिचे मालक भगवानराव सुट्टी असूनही सकाळच्या पाळीला खाणीत उतरलेले. मागे सात-आठ बायका, एक तर अनवाणी. मी मान हलवून सांगितलं, की खाणीचं काही नाही. माझी आई गेली. कधी गेली, म्हणून विचारलं. मला वाटलं, आता खिडक्यांतल्या पोरी हसणार. तरी खरं सांगितलं, की ऑगस्टात.

कुणी हसलं नाही. ती बाई खाली बसली आणि कणकेचे हात तसेच माझ्या गळ्यात टाकले. तिचं नाव कोकिळा. तीन वर्षं भिंतीपलीकडे राहते, काल नाव कळलं. म्हणाली, माही माय राळेगावले गेली, मी पोचलो तर सारं उरकलं होतं, दुसऱ्या दिवशी येऊन डबा केला न् लागलो कामाले. मले बी रडू दे वो. आणि ती रडायला लागली. तिला आपला सूर येत नाही, ती नुसतीच रडत होती, मी सूर धरून होते, दोन्ही मिळून कसंतरीच होत होतं. पण थांबलो नाही. मग त्या अनवाणी बाईनं माझ्याच माठातलं पाणी आणून दोघींना दिलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं गं.

नंतर कोकिळाताईनं मला तिच्या घरी नेलं. तुरीच्या ओल्या सोल्यांची भाजी आणि भाकर. भगवानराव पाळीवरून आले, काळं तोंड धुता धुता म्हणाले, पोस्टवाल्या मॅडमच्या रडण्यानं साऱ्या लाइनीचा जीव गेलता, आता आधी सांगून रडत जा. मी हसले. आज सकाळी मानेवर वाळलेली कणीक निघाली, ती धुवावीशी वाटेना.

तक्त्यातल्या जेवणाच्या साऱ्या खोट्या खुणा मी खोडल्या आणि कालच्या घरात एकच केली. डॉक्टरीणबाईंना खरं सांगणार आहे. दगड पुरता हलला असं नाही, आज दुपारी पुन्हा जड वाटत होतं. पण मोहोरेची तारीख मी बरोबर बसवली, दोनदा तपासली.

काकांना म्हणावं, फोन चांगला आहे, पण पत्रं लिहीत राहीन. तुझा हात मी काढला होता, तो पुन्हा ठेवशील एवढ्याच आशेवर थांबते.
तुझीच
वर्षा

ता. क. सात तारखेच्या शनिवारी येते आहे, यवतमाळहून साडेपाचच्या गाडीनं. काकांना म्हणावं, बैलगाडीतून तुला फाट्यापर्यंत आणा. मी याडीला कधी हे म्हटलं नाही, तुला म्हणते. फाट्यावर उभी राहा.